ऐकलेल्याची साक्ष

महसूल खात्याच्या नोकरीत आमची छत्तीस वर्षे गेली. त्यांतील बराच काळ लोकांच्या साक्षी नोंदवून घेण्यात गेला. शेताचा बांध पूर्वी कोठे होता, पाट कोणाच्या वावरातून वाहत असे, मयताने बक्षीसपत्र शुद्धीत असताना केले की नाही, अशा प्रकरणांत गावोगावची माणसे आमच्यापुढे उभी राहत आणि आपापले सांगत. आरंभीच्या काळात जो साक्षीदार न अडखळता आणि ठासून बोले, त्याच्यावर आमचा विश्वास बसे. पुढे अनुभवाने हे मत उलटले. ‘मी विहिरीपाशी उभा होतो, दिवस मावळला होता, दोन माणसे दिसली, तोंडे दिसली नाहीत,’ असे म्हणणारा साक्षीदार खरा कामाचा. आपण कोठे उभे होतो, उजेड किती होता आणि काय दिसले नाही, हे तो सांगतो. दुसरा मात्र न पाहिलेलेही पाहिल्यासारखे सांगतो, आणि वर माणसांच्या मनातले हेतूही सांगून मोकळा होतो.

हा धडा निवृत्तीनंतर गाणे ऐकताना उपयोगी पडेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

इंदुरात आमच्या पाचसहा जणांची एक बैठक आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी एका डॉक्टर स्नेह्यांच्या घरी आम्ही जमतो. एक स्नेही बँकेतून निवृत्त झालेले, एक शाळामास्तर, मुलींच्या शाळेत संगीत शिकवलेल्या एक बाई, डॉक्टर आणि आम्ही. बाईंना सोडल्यास गळ्याने गाणारे आमच्यात कोणी नाही. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, या वचनाचा आधार घेऊन बसलेली ही मंडळी आहेत. कोणीतरी एक ध्वनिमुद्रण आणतो, कधी जुनी तबकडी, कधी कॅसेट, कधी अलीकडची डिस्क. ते अथपासून इतिपर्यंत ऐकायचे, मध्ये बोलायचे नाही. मग चहा, आणि मग प्रत्येकाने आपल्याला काय वाटले ते सांगायचे. पंचवीसएक वर्षे हा क्रम चालू आहे.

‘आपल्याला काय वाटले ते सांगणे’ ही वरवर पाहता अगदी निरुपद्रवी गोष्ट आहे. गवई गाऊन गेला, बहुधा या जगातूनही गेला. आमच्या दिवाणखान्यातील मताने त्याचे काय बिघडणार? आणि रुचीचा प्रश्न ज्याचा त्याचा असल्यामुळे त्यात नीतीचा संबंध कोठे येतो? पुष्कळ वर्षे आम्हीही असेच मानत होतो. परंतु ऐकलेल्याविषयी बोलणे हीसुद्धा एक साक्ष आहे, आणि साक्षीचे जे धर्म आहेत ते तिलाही लागू होतात, असे आता आम्हांस वाटते. हे मत कसे बनले ते येथे मांडावे म्हणतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाण्याच्या बाबतीत ऐकणाऱ्यांच्या बोलण्याला केवढे मोल असते, याची कल्पना ध्वनिमुद्रण नसलेल्या गवयांकडे पाहिले की येते. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली वारले. ध्वनिमुद्रणाची सोय तोवर चाळीसहून अधिक वर्षे या देशात होती, तरीही त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे उरलेली नाही. बडोदे संस्थानातील कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. या दोघांच्या थोरवीविषयी आपण निःशंक असतो ते कशाच्या बळावर? एक, त्यांचे शिष्य काय गायले यावरून. आणि दुसरे, ज्यांनी त्यांना ऐकले त्यांनी काय सांगून ठेवले यावरून. गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये जे लिहून ठेवले, ते हाती नसते तर आपल्यापुरते त्या मैफलींचे अस्तित्वच उरले नसते. कचेरीत आम्ही ऐकीव पुरावा बाजूला सारत होतो. संगीताच्या इतिहासातला निम्मा पुरावा ऐकीव आहे, आणि तो खरा मानण्यावाचून गत्यंतर नाही. मग तो देणाऱ्यावर किती भार येतो पाहा.

कोणी म्हणेल, ध्वनिमुद्रणाची सोय झाल्यावर हा भार उतरला. ज्याला शंका असेल त्याने स्वतः ऐकावे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून गाणे हे गवयाविना घरात येऊ लागले, हे खरे. पण काय ऐकावे हे तरी आपण कोणाच्या सांगण्यावरून ठरवतो? अमेरिकेने १९७७ साली ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांत पृथ्वीवरील निवडक ध्वनींची एक सोनेरी तबकडी ठेवली आहे आणि तिच्यात केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. जुन्या तबकडीवरील ती अवघ्या साडेतीन मिनिटांची चीज तेथे गेली ती रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाच्या आग्रहामुळे. त्याने ऐकले होते, त्याला ते मनापासून थोर वाटले होते, आणि त्याने तसे सांगितले. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ज्या बाईंनी ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत आयुष्यभर हात आखडता घेतला, त्यांचा आवाज एका श्रोत्याच्या शब्दावर सूर्यमालेच्या पलीकडे चालला आहे. मताने कोणाचे काय बिघडते किंवा घडते, असे म्हणण्याची सोय यापुढे राहत नाही.

आता साक्षीच्या खरेखोटेपणाकडे वळू. दोन माणसांनी एकच गाणे ऐकले आणि दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगितल्या, तर त्यांतील एक खोटा असलाच पाहिजे काय?

उस्ताद अमीर खाँसाहेब आमच्या इंदूरचे. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारचे सारंगिये. १९७४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला मोटार अपघातात खाँसाहेबांचा अंत झाला तेव्हा आम्ही शाळकरी मुलगे होतो. आमच्या पिढीतील बहुतेकांनी त्यांना ऐकले ते ध्वनिमुद्रणातूनच. एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी अशी त्यांची लाँगप्ले तबकडी रसिकांच्या घरोघरी असे. एका रविवारी बैठकीत तोच मारवा लावला. झूमऱ्याचा संथ ठेका, पंचम नाही, षड्जावर टेकायचे म्हणून टेकत नाहीत, कोमल ऋषभ आणि धैवत यांच्या मध्ये सूर जणू आसरा शोधत फिरतो. तबकडी संपली. बँकेतले स्नेही म्हणाले, “खरं सांगू? मला कंटाळा आला. हा माणूस माझ्याशी बोलतच नाही. भिंतीकडे तोंड करून गातो.” डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमची ही गेली त्या वर्षी रोज संध्याकाळी मी हेच लावत होतो. कोणी माझ्याशी बोलू नये असं वाटे, आणि हा माणूस बोलत नव्हता.”

दोघांनीही एकच गोष्ट ऐकली होती. गवई श्रोत्याला आर्जव करत नाही, त्याला रिझवायला पुढे येत नाही, ही ती गोष्ट. एकाला तीत उपेक्षा दिसली, दुसऱ्याला आधार. या दोन साक्षींत खोटी कोणती? आमच्या मते एकही नाही. दोघेही आपण कोठे उभे होतो ते सांगत होते, आणि त्या दोन ठिकाणांवरून पाहिल्यामुळे मारव्याचा आकार आम्हां इतरांना अधिक नीट कळला. बँकेतल्या स्नेह्यांनी संकोचाने ‘वा, काय गांभीर्य!’ असे म्हटले असते, तर डॉक्टरांनाही ते बोलणे सुचले नसते. खाँसाहेबांचे नाव मोठे, गाव त्यांचे, आणि इंदुरात बसून कंटाळा आला म्हणायचे म्हणजे धारिष्ट्यच. पण नाव पाहून दिलेली दाद ही साक्ष नसून हजेरीपटावरची सही असते.

येथवर प्रश्न सोपा आहे. जे वाटले ते सांगावे, उसने सांगू नये. पण ‘मला असे वाटले’ एवढे म्हटले की माणूस जबाबदारीतून सुटतो काय? या बाबतीत आमच्याच हातून जे घडले ते सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका नामवंत गायकाच्या उतारवयातील खासगी मैफलीची कॅसेट आमच्या हाती आली. हे गायक आज हयात नाहीत. त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. कॅसेट एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे उतरवत उतरवत आलेली. आम्ही ती दोनदा ऐकली आणि आमचे मत पक्के झाले. आवाजाला पूर्वीचे वजन राहिले नाही, स्वर चढे आणि पातळ झाला आहे, लयीत उतावीळपणा आला आहे, टाळ्यांच्या मागे लागून त्यांनी आपला स्वभाव सोडला. आम्ही हे बैठकीत सांगितले. ग्वाल्हेरला आमच्या मावसभावाला पत्रातून कळवले. बडोद्याला एका लग्नात चारचौघांत बोललो. लोकांनी माना डोलावल्या. त्यांतील काहींनी तेच मत पुढे आपले म्हणून सांगितले असणार.

दीडएक वर्षाने बाईंनी ती कॅसेट ऐकायला नेली. पुढच्या रविवारी त्या पेटी घेऊनच आल्या. म्हणाल्या, “अहो, यांचा सूर काळी एक. त्यांच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत काळी एक आहे. तुमच्या कॅसेटमध्ये पांढरी दोन लागते. उतारवयात कोणी सूर चढवतो का? लोक उतरवतात. ही कॅसेट पळते आहे.” कोठल्यातरी उतरवणीत यंत्राची गती बिघडलेली होती. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे गतीत शेकडा सहाचा फरक. पंचेचाळीस मिनिटांचे गाणे साडेबेचाळीस मिनिटांत उरकते, आवाज चढतो आणि बारीक होतो, तबला घाई करतो. आम्हांस जे जे खटकले होते, ते ते सारे त्या शेकडा सहात होते. गती ठीक करून तेच गाणे लावले तेव्हा एक थकलेला पण शांत माणूस आपल्या जुन्याच चालीने गात होता.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. आम्हांस खरोखरच तसे वाटले होते. तरीही एका थोर माणसाविषयी आम्ही खोटी साक्ष दिली. वाटले तेवढेच सांगितले असते, म्हणजे ‘या कॅसेटमध्ये आवाज पातळ ऐकू येतो, लय चढी वाटते,’ एवढ्यावर थांबलो असतो, तर कोणीतरी ‘कॅसेट कोठली?’ असे विचारले असते आणि चूक तेथेच सापडली असती. आम्ही थांबलो नाही. ऐकू आले त्यावरून गायकाच्या मनापर्यंत गेलो, त्याचा हेतू सांगितला, त्याच्यावर हावरेपणाचा आरोप ठेवला. ज्या साक्षीदारांना आम्ही कचेरीत छत्तीस वर्षे अडवले, त्यांच्याच रांगेत आम्ही जाऊन उभे राहिलो होतो. कचेरीत आदेश चुकला तर शुद्धिपत्रक काढता येई. बडोद्याच्या त्या लग्नातल्या पंगतीला शुद्धिपत्रक कोठे पाठवणार? ग्वाल्हेरला मात्र आम्ही पत्र लिहिले. मावसभावाचे उत्तर आले की ते मत आता तिकडे सर्वश्रुत आहे, आणि पूर्वी कोणी सांगितले ते कोणाला आठवत नाही.

हा दोष केवळ बिघडलेल्या यंत्रापुरता नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणात काही ना काही गळलेले असते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तेवढ्यात रागाची ओळख, अस्ताई, अंतरा आणि ताना उरकायच्या. त्यावरून जुने लोक उतावीळ होते असे अनुमान काढणारे आम्ही पाहिले आहेत. किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांची हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच ध्वनिमुद्रणे उरली आहेत. एका रागाच्या विस्तारात तास न् तास रमणारा म्हणून ज्यांची ख्याती, त्यांचा निवाडा आपण त्या थोड्या मिनिटांवर करतो. शेजारच्या देवासला कुमार गंधर्व राहत. क्षयाने त्यांचे एक फुप्फुस निकामी केले होते. ते ठाऊक नसलेला श्रोता छोट्या छोट्या तुकड्यांत येणाऱ्या स्वरवाक्यांविषयी एक बोलतो. ते ठाऊक असलेला श्रोता दया मिसळून दुसरेच बोलतो, आणि त्या तुकड्यांमागे केवढा विचार होता हे दोघांच्याही हातून निसटू शकते. गवई समोर नसतो. त्याला ‘असे नव्हते हो’ म्हणायची संधी नसते. अनुपस्थित माणसाविषयी बोलताना जी अधिकची काळजी आपण एरवी घेतो, ती ध्वनिमुद्रणातल्या गवयाविषयी का घेऊ नये?

एवढे झाल्यावर आम्ही अतिशय सावध झालो. सावधपणाच्या भरात एकदा उलट बाजूने घसरलो, आणि ती चूक पहिलीपेक्षा अधिक लागली.

आमचे मास्तर फारसे बोलत नाहीत. एका रविवारी त्यांनी खिशातून एक कॅसेट काढली. “वडिलांचा आवाज आहे,” म्हणाले. “गल्लीतल्या गणपतीपुढं कोणीतरी भरून ठेवला होता. तुम्ही ऐकावं आणि काय वाटतं ते सांगावं.” वडील कापडगिरणीत कारकून होते, गायनाची तालीम त्यांना कोणी दिली नव्हती, एवढे आम्हांस ठाऊक होते. कॅसेट लावली. मुलांचा गलका, मागे कोठेतरी घंटा, पेटी थोडी बेसूर, आणि एक कापरा आवाज. वरचा षड्ज गाठताना प्रत्येक वेळी जरा खाली राहणारा. सहासात मिनिटांत संपले.

चहा झाला. बँकेतले स्नेही म्हणाले, “काय भाव होता हो!” डॉक्टर म्हणाले, “जुनी माणसं ती जुनी माणसं.” आम्ही म्हणालो की ग्वाल्हेरची छाप दिसते, रीतसर शिकते तर नाव काढते. बाईही म्हणाल्या, “गोड.” मास्तरांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, कॅसेट डबीत घातली, डबी रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, “साहेब, तुम्ही सगळे खोटं बोललात. बाबांचा सूर लागत नव्हता हे मला कळतं. चाळीस वर्षं मुलांच्या प्रार्थना ऐकल्या आहेत मी. ते गाणं चांगलं होतं का, हे विचारायला मी आलो नव्हतो. बाबा घरात कधी गायले नाहीत. ते गातात हेच मला त्या कॅसेटमुळं कळलं. त्यांनी हे कुठं ऐकलं असेल, कोणाचं गाणं ते गात होते, हे तुमच्यातल्या कोणाला तरी सांगता येईल असं वाटलं होतं. तुम्ही बाकीच्या सगळ्यांचं इतकं बारकाईनं ऐकता. बाबांचं कोणी ऐकलंच नाही.”

त्यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

अप्रिय सत्य टाळावे, असे सांगणारे वचन आपल्याकडे आहे, आणि घरसंसारात ते पुष्कळदा हितकर ठरते. मित्राच्या मृत पित्याचा आवाज ऐकून ‘बेसूर’ म्हणणे हा काही सत्याचा विजय झाला नसता. म्हणून आम्ही प्रिय ते बोललो. मग चुकलो कोठे? बरेच दिवस विचार केल्यावर आम्हांस उमगले ते असे. आमच्यापुढे दोनच वाटा आहेत, एक कठोर सत्याची आणि एक गोड असत्याची, असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक त्या दोन्ही वाटा निकालाच्या. गाणे चांगले की वाईट, गवई मोठा की लहान, याचा निवाडा देण्याची एवढी सवय आम्हांस जडली होती की समोरच्याने निकाल मागितलेलाच नाही हे ध्यानातही आले नाही. मास्तर साक्ष मागत होते. काय ऐकू आले, कोठे ऐकू आले, कशासारखे वाटले. आम्ही निकाल दिला, आणि तो अनुकूल दिला म्हणून स्वतःला दयाळू समजलो. त्या सात मिनिटांत आमचे लक्ष गाण्याकडे नव्हतेच. संपल्यावर काय बोलायचे याच्या जुळवाजुळवीत आम्ही होतो.

‘भावार्थदीपिके’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. तेवढ्या थोर वक्त्याने मागितलेली वस्तू ही आहे. दाद ते मागत नाहीत. आपल्या परंपरेत रसिकाला सहृदय म्हटले आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ हळवा असा आपण सोयीने करून घेतो. सहृदय म्हणजे ज्याचे हृदय समोरच्यासारखे होऊ शकते तो. तसे व्हायचे तर आधी समोरचा काय करतो आहे हे नीट ऐकावे लागते. लक्ष न देता दाखवलेला जिव्हाळा हा दुर्लक्षाचाच एक सभ्य प्रकार आहे, हे मास्तरांनी आम्हांस शिकवले.

आम्ही मास्तरांना विनवून परत आणले. कॅसेट पुन्हा लावली, एकदा नव्हे, चार वेळा. आता कोणी भावाविषयी बोलले नाही. डॉक्टरांनी घड्याळ धरले होते. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “गाणं सवातीन मिनिटांत संपतं. मग ते तेच पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. त्याच जागा, त्याच क्रमाने.” बाई ताठ बसल्या. “ही झिंझोटी आहे. आणि हे वळण अब्दुल करीम खाँसाहेबांचं. तबकडीतलं.” बँकेतल्या स्नेह्यांकडे त्या जुन्या तबकडीची प्रत होती. ती आणवली आणि दोन्ही पाठोपाठ लावली. संशय उरला नाही. मास्तरांचे वडील ठुमरी गातच नव्हते, ते तबकडी गात होते. जेथे खाँसाहेब क्षणभर थांबतात तेथे ते थांबत होते. जेथे बाजू संपते तेथे संपवत होते आणि कोणीतरी सुई उचलून पुन्हा आरंभी ठेवावी तसे पुन्हा सुरू करत होते. वरचा षड्ज उतरत होता हे खरे, पण कोठे जायचे आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गिरणीतून यायला त्यांना रोज उशीर व्हायचा. आई चिडायची. वाटेवर एक हॉटेल होतं, तिथं ग्रामोफोन वाजायचा. आम्हांला वाटायचं, पत्ते खेळत बसतात.”

१९३३ साली गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली तीच ठुमरी तबकडीवर ऐकून घराबाहेर पडला. गुरूच्या शोधात ग्वाल्हेरपर्यंत आला, पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकला आणि भीमसेन जोशी झाला. ती हकीगत सर्वांना ठाऊक आहे. तीच तबकडी ऐकून इंदूरचा एक कारकून रोज अर्धा तास उशिरा घरी गेला, ही हकीगत त्या रविवारपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हती. दोन्ही हकीगती त्या तबकडीच्याच आहेत, असे आम्हांस वाटते.

त्या दिवसानंतर बैठकीत एक वही ठेवली आहे. ध्वनिमुद्रण कोणाचे, कोठून आले, कितवी उतरवणी, सूर कोणता लागतो, हे आधी लिहायचे. मग प्रत्येकाने आपल्याला काय ऐकू आले ते लिहायचे. काय वाटले ते त्यानंतर, आणि आपण त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत होतो तेही लिहायला हरकत नाही. गवयाच्या हेतूंसाठी रकाना ठेवलेला नाही. एकमेकांचे मत बदलण्याचा आग्रह धरायचा नाही, पण ‘हे कोठे ऐकले, दाखवा’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. यामुळे आमच्या बोलण्यातला जोर कमी झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी रंगणारे वाद आता तितके रंगत नाहीत. मात्र एकच ध्वनिमुद्रण पुन्हा लावावेसे वाटण्याचे प्रसंग वाढले आहेत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा कॅसेटी कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतील. कोणाच्या आजीच्या ओव्या, कोणाच्या काकांचे नाट्यगीत, एखाद्या विस्मृत गवयाची घरगुती मैफल. बुरशीने त्या जाण्यापूर्वी चार माणसांना बोलावून त्या ऐकाव्यात, आणि ‘वाहवा’ म्हणण्याची घाई न करता काय ऐकू आले ते एकमेकांना सांगावे, एवढीच विनंती आहे.

त्या रविवारची नोंद मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिली. नावाच्या जागी वडिलांचे पूर्ण नाव आहे. खाली शाळेतल्या वळणदार अक्षरांत तीनच वाक्ये आहेत : ‘आवाज कापरा. वरचा षड्ज उतरतो. ऐकले मात्र पक्के होते.’